वकिलांचा वकील

सिल्वासा,
१४ ऑगस्ट १९९८

सुलभाताई,

तुझ्या रिकामटेकड्या भावाचा नमस्कार घे, आणि 'रिकामटेकडा' हा शब्द आता सोड. मला नोकरी लागली.

थांब, पत्र चुरगाळू नको. तू मला कशासाठी पाठवलंस ते लक्षात आहे. तुझ्या दाव्याचं कोर्टात काय होतं ते बघायचं, आणि नरोलीला जाऊन संजूदाजींच्या खोलीत तुझी शिलाई मशीन अजून आहे की विकली, ते डोळ्यांनी बघून यायचं. निघालो त्यासाठीच. पण वापीला उतरलो तर स्टेशनाबाहेर एक माणूस मुंगूस घेऊन बसलेला. म्हणे आता साप येईल, आता येईल. दुपार झाली, साप नाही. शेवटी मी विचारलं तर म्हणे साप भिलाडला बहिणीकडे आहे, तिची तब्येत बरी नाही. बहिणीची की सापाची, ते त्याने सांगितलं नाही. मुंगूस मात्र माझ्या पिशवीतली तुझी शेव खाऊन गेलं.

तरी तारखेला कोर्टात पोचलो. पट्टेवाल्याने पुकारा केला, 'सुलभा विरुद्ध संजय', आणि दुसरं कोणी उठेना म्हणून मीच 'हजर' असं ओरडलो. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "तुम्ही सुलभा?" मी म्हटलं, "नाही." "संजय?" "तोही नाही." "मग हजर कोण?" तेवढ्यात कोणीतरी अर्ज दिला की तुझे दोंदे वकील वर्गात आहेत, आणि तारीख पुढे गेली.

आता हा वर्ग ऐक. इथे दमणगंगा वकील मित्रमंडळ नावाचं मंडळ आहे. मुंबईच्या अधिवक्ता ज्ञानवर्धिनी संस्थेने या मंडळाला एक संगणक दिलाय. फोनच्या वायरीतून मुंबईचा तास थेट पडद्यावर उतरतो, अक्षरा-अक्षराने, वळचणीचं पाणी टपकतं तसा. त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणतात. जो वकील तो पुरा करेल त्याला दारावर लावायला पितळी पाटी मिळणार: 'अद्ययावत वकील'. इथे सगळ्यांना ती पाटी पाहिजे. फक्त संगणकाला हात लावायला कोणी तयार नाही. मी दोंदे वकिलांना शोधत त्या खोलीत गेलो, तर आत वकील एकही नाही. संगणकाला हार घातलेला आणि पुढे उदबत्ती. नाशिकला व्हिडिओ गेमच्या दुकानात पंधरवडा काढला होता मी, आठवतं ना? दाबलं बटण. सुरू झाला. मागून चिटणीस हर्षदभाई आले, म्हणाले, "अरे वाह! काले थी आवी जजे." गुजराती आहे, उद्यापासून ये. म्हणून नोकरी.

मशीनीचं पुढच्या पत्रात.

तुझा,
नवनाथ


शहादे, जि. नंदुरबार
२७ ऑगस्ट १९९८

नवनाथ,

पत्त्यात आता धुळे लिहू नको. जुलैपासून आपला जिल्हा बदलला. अख्खा जिल्हा जागचा हलला पण माझा दावा हलत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुंगूस कळलं, साप कळला. मशीन आहे का नाही तेवढं कळलं नाही. अरे भो, ती मशीन बापाने लग्नात दिली. मी हट्ट करून तिच्या पाट्यावर चिमणी रंगवून घेतली होती. दोन वर्षं झाली मला माहेरी येऊन. मी आले होते चार दिवसांसाठी. नवऱ्याने न्यायला यायचं असतं, तो आला नाही. मी का म्हणून आपणहून जाऊ? पण मशीन माझी आहे. इथे लोकांची पोलकी हाताने शिवून राहिली मी. टीप घालून घालून बोटाला घट्टा पडला, दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली, आणि गल्लीतल्या बाया आता मशीनवालीकडे जातात. मला ती मशीन पाहिजे. बाकी काही नको.

आणि ते दोंदे वकील साठीचे असतील. या वयात कसला वर्ग? आणि वर्ग तुझ्याच खोलीत असेल, आणि खोलीत तूच एकटा असशील, तर वकील कुठे होते?

सुलभा


सिल्वासा,
२० सप्टेंबर १९९८

ताई,

तुझा प्रश्न एकदम कायद्याचा आहे. उत्तर असं की वकील वर्गात होते, कारण मी होतो.

समजावून सांगतो. मुंबईवाले फार हुशार. तास चालू असताना मध्येच पडद्यावर प्रश्न येतो: आपण हजर आहात का? तेव्हा 'वाय' हे बटण दाबायचं. नाही दाबलं तर गैरहजेरी. आता आमच्या मंडळात वकील अकरा. त्यांना कामं असतात. हर्षदभाईंना दुपारी झोपायचं असतं, दोंदे वकिलांना बागेतल्या पपया राखायच्या असतात, माकडं येतात. तेव्हा मंडळाची बैठक झाली. हर्षदभाई उभे राहिले आणि म्हणाले, "विद्वान मित्रहो, अशील कोर्टात स्वतः बोलतो का? नाही. त्याच्या वतीने वकील हजर राहतो. तो हजर म्हणजे अशील हजर. मग वर्गात वकिलाने स्वतः का बसावं?" टाळ्या पडल्या. लगेच स्टँपपेपर आला आणि अकराच्या अकरा जणांनी मला वकीलपत्र करून दिलं. तिकीट लावून, सही-शिक्क्यानिशी: 'माझ्या वतीने वर्गात हजर राहणे, ऐकणे, समजणे व बटण दाबणे यासाठी श्री. नवनाथ यांस नेमले आहे.' नववीत दोनदा बसलेला तुझा भाऊ अकरा वकिलांचा वकील झाला. आईला सांग.

काम सोपं नाही. प्रश्न आला की एकेकाच्या नावाने आत शिरून वाय दाबावं लागतं. पहिल्या वकिलापासून अकराव्यापर्यंत येतो तोवर पुन्हा पहिल्याला विचारतात. तास मात्र ऐकतो. वहिवाटीचा हक्क म्हणजे काय ते मला आता कळलं. रांध्याला एका म्हाताऱ्याच्या शेतातून लोक रोज पायवाटेने जात होते, त्याला मी समजावलं की त्यांचा हक्क झाला. त्याने मला ताक दिलं आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर काटे टाकले.

बरं, तुझी तारीख. ती झाली. मंडळाने दाखला दिला की दोंदे वकील त्या वेळी वर्गात हजर होते. संजूदाजींचे वकील कोण, ठाऊक आहे? आपले हर्षदभाईच. तेही वर्गात हजर होते. दोन्ही दाखले माझ्याच अक्षरातले. न्यायाधीश साहेब शिकणाऱ्यांना फार मान देतात. म्हणाले, ज्ञान आधी. तारीख पुढे.

तुझा अकरापट,
नवनाथ


शहादे,
२ ऑक्टोबर १९९८

नवनाथ,

म्हणजे माझी तारीख माझा सख्खा भाऊ पुढे ढकलून राहिला. आईला सांगितलं. ती म्हणाली, चला, कोणत्या कामाला तरी लागला.

पुढच्या तारखेला वाय दाबू नको. बस.

सुलभा


सिल्वासा,
१ नोव्हेंबर १९९८

ताई,

नाही दाबलं. शपथ. तुझी तारीख होती त्या दिवशी मी हात मांडीखाली घेऊन बसलो. पडद्यावर प्रश्न आला आणि गेला. अकरा जण गैरहजर लागले.

मला वाटलं, आता वकिलांना कोर्टात उभं राहावंच लागेल. पण ती माणसं खानदानी आहेत. त्यांनी मुंबईच्या संस्थेकडे अर्ज केला की आम्ही कोर्टात होतो, सबब या तासाला पुढची तारीख मिळावी. आणि कोर्टात अर्ज केला की आम्ही वर्गासाठी अर्ज करायला गेलो होतो, सबब इथेही मिळावी. दोन्हीकडे मिळाली. मुंबईवाले चक्रावले. त्यांच्या इतिहासात तासाला तारीख कोणी मागितली नव्हती. पण अर्ज इतका नमुनेदार होता की नाकारायला त्यांना कलमच सापडेना. आता आमचे सगळेच तास तारखेवर आहेत.

माझ्यावर रागावले नाहीत. दोंदे वकील एवढंच म्हणाले, "बाळ, वकीलपत्र घेतलं की अशिलाशी इमान." आणि एक पपई दिली. आतून कच्ची निघाली.

आता खरी बातमी. शिक्षणाचा पुढचा भाग आहे सराव-खटला. दोन वकिलांची जोडी, एक खटला, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वायरीतून पाठवायचा, आणि मुंबईचे एक निवृत्त न्यायमूर्ती निकाल देणार. मराठी चालते, पण इंग्रजी अक्षरांत. आपली भाषा हाफ पँट घालून आल्यासारखी दिसते. चिठ्ठ्या काढल्या तर जोडी निघाली दोंदे विरुद्ध हर्षदभाई. म्हणजे मी विरुद्ध मी. दोघेही म्हणाले, खटला तूच शोध. ताई, मी तुझा घातला! खऱ्या कोर्टात उभा राहत नाही तर निदान वायरीत राहू दे. मोठ्या माणसाचा निकाल हातात आला की इथले साहेबही बघतील.

तुझी बाजू लिहायला वेळ लागला नाही, ती मला पाठ आहे. दुसऱ्या बाजूसाठी नरोलीला गेलो. रस्त्यात एक ट्रक उलटला होता, सगळीकडे सूत, पोरं रिळं पळवत होती, मीही थोडा वेळ... असो, पोचलो.

मशीन आहे. चिमणी आहे. दाजी तिच्यावर बसून पँटी आखूड करतात! कंपनीतली रात्रपाळी बंद झाली, त्यात त्यांना काढलं. चाळीत सगळी बिहार-यूपीची पोरं, बाजारातून तयार पँटी आणतात, त्या लांब होतात. "संजूभैया, दो उंगल कम कर दो," म्हणून रांग असते. तुझ्या स्टँडचा पाय मोडला म्हणून दाजींनी वापीच्या भंगारातून दुसरा लोखंडी आणलाय. मी विचारलं, "ताईला न्यायला का नाही आलात?" तर म्हणाले, "आमच्यात माहेरचा माणूस पोचवायला येतो. मी वाट पाहिली." मग चहा केला. साखर तुझ्यासारखीच जास्त टाकतात.

तुझा,
नवनाथ


शहादे,
१६ नोव्हेंबर १९९८

नवनाथ,

तो? पँटी? ज्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो? खोटं सांगून राहिला असशील.

टाका कसा घालतो ते बघ पुन्हा गेलास तर. लांब घालत असेल तर धुण्यात उसवेल आणि नाव माझ्या मशीनीचं जाईल. तेल कोणतं घालतो? खोबरेल घालत असेल तर हात तोडीन म्हणावं, आत गोठतं ते. कापड ओढत असेल तर सांग ओढू नको, दात आपोआप सरकवतात. मला त्याच्याशी काही घेणं नाही, मशीनीशी आहे.

आणि तू दोन्हीकडून लिहिणार म्हणतोस, तर त्याच्या बाजूचं जरा कमी लिही. सख्खा भाऊ आहेस.

दिवाळीला तिघींचीच कामं आली. पुढे लग्नसराई आहे. तोपर्यंत मशीन नाही आली तर मी निंदायला जाईन, पण दुसऱ्याची मशीन मागणार नाही.

सुलभा


सिल्वासा,
५ जानेवारी १९९९

ताई,

हे पत्र बसून वाच. सराव-खटल्याचा निकाल आला. आपण जिंकलो आणि आपण हरलो.

दोंदे वकील म्हणून मी हरलो. हर्षदभाई म्हणून जिंकलो. म्हणजे तू हरलीस. माझा दोष नाही गं. तुझी बाजू मी एका पानात लिहिली: मशीन तिची, तिला द्या. यापुढे लिहायला काही सुचेना. दाजींची लिहायला बसलो तर लेखणी धावायलाच लागली. मी त्यांची रांग लिहिली, मोडलेला पाय लिहिला, पावसात डोक्यावरून आणलेला स्टँड लिहिला. कमी पडलं तिथे थोडं मनाचं घातलं. न्यायमूर्तींनी लिहिलंय: 'प्रतिवादीच्या विद्वान वकिलांचा युक्तिवाद हृदयस्पर्शी आहे. मशीन ही स्टँडवर असते, स्टँड मशीनवर नसतो. सबब ज्याचा स्टँड त्याची मशीन.'

मंडळात जल्लोष झाला. हर्षदभाईंनी पेढे वाटले आणि स्वतःच्या युक्तिवादाबद्दल सत्कार करून घेतला. भाषणात म्हणाले, रात्रंदिवस खपलो. दोंदे वकील खट्टू झाले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझी बाजू तू नीट मांडली नाहीस. मी वकील बदलीन." पण दुसरा वकील आणणार कुठून? सगळ्यांचा मीच. मग त्यांनी सराव-अपील ठोकायचं ठरवलं, आणि खऱ्या कोर्टात अर्ज दिला की हाच विषय उच्च पातळीवर अभ्यासाधीन आहे, सबब तारीख मिळावी. मिळाली. ९ मार्च.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी किलवणीला तारपा वाजत होता, तिकडे गेलो, नाचलो, आणि तिथे जेवलो. तरी वाईट वाटतंय असं समज.

नवनाथ


नरोली,
२३ जानेवारी १९९९

सुलभास,

मी संजय. अक्षर ओळखू येणार नाही, कारण मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहिण्याइतके लांब आपण आधी नव्हतो.

तुझ्या भावाने माझ्या बाजूने जे लिहिलं त्याची प्रत हर्षदभाईंनी सगळ्या चाळीला वाचून दाखवली. त्यात असं आहे की मी 'विरहाने व्याकुळ होऊन पँटी आखूड करतो'. हे खरं नाही. पँटी लांब असतात म्हणून मी आखूड करतो. आता चाळीतली पोरं पँट देताना माझ्याकडे बघून मान हलवतात. एकाने मला रुमाल दिला.

मी जिंकलो म्हणून पेढा मिळाला. कडू लागला असं लिहिणार होतो, पण पेढा चांगला होता.

नवनाथने तेलाचं सांगितलं. खोबरेलच घालत होतो. बंद केलं. आता आवाज बराच कमी झाला. पण बॉबीनची केस मध्येच निसटून पडते. तू काय करायचीस? मला आठवतं की तू त्यात कागदाचा तुकडा घालायचीस, पण कुठल्या बाजूला ते आठवत नाही.

९ मार्चला तारीख आहे. वकील कधी येत नाहीत. तू ये, असं म्हणणं बरोबर दिसणार नाही, कारण तू माझ्या विरुद्ध आहेस. तरी.

संजय


सिल्वासा,
१० मार्च १९९९

ताई,

काल फार मोठा गोंधळ झाला. कालची तुझी तारीख बघायला मी जाऊ शकलो नाही, कारण मला कोंडलं होतं.

मुंबईहून पूजा मॅडम आल्या. कळवलं फक्त आदल्या दिवशी. शेवटची परीक्षा वकिलांनी स्वतः, सदेह, संगणकासमोर द्यायची, वकीलपत्र चालणार नाही. मॅडम वयाने माझ्याएवढ्या, पण नजर अशी की कोरं पानसुद्धा कबुली देईल. अकराही वकिलांना घराघरातून गोळा केलं. हर्षदभाई उशीची घडी गालावर घेऊनच आले. सगळे त्या एवढ्याशा खोलीत. मॅडमनी आतून कडी लावली, बाहेरून कुलूप लावायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "सुरू."

दोंदे वकील उठले. "मॅडम, तयारीसाठी थोडी मुदत..." "मुदत आत्ताचीच आहे. बसा." ते बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तारीख मिळाली नाही गं. चेहरा बघवेना. हर्षदभाईंना पहिला प्रश्न आला, ते म्हणाले, "मी माझ्या विद्वान मित्रांशी सहमत." विद्वान मित्र म्हणाले, "आम्ही हर्षदभाईंशी." असं अकरा जण फिरून आलं. मी कोपऱ्यातून हात वर केला की मला उत्तर येतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "हे सगळे."

मग पडद्यावर आलं: आपण हजर आहात का? ताई, इतके महिने ज्यांनी ते वाक्य पाहिलं नव्हतं ते अकरा जण खरोखरच हजर होते. त्यांना काय आनंद झाला! सगळे एकदम बटणावर तुटून पडले. "हो! हो! आहोत!" बटण आत गेलं ते वर येईना. यंत्र आपलं हो हो हो लिहीत सुटलं. मॅडमनी वायर उपटली तोवर पुढच्या दिवाळीपर्यंतच्या सगळ्या तासांची हजेरी लागून गेली होती. पाट्या द्याव्याच लागतील म्हणतात, कारण हजेरी नियमात बसते. परीक्षेचं कोणी काढत नाही.

आणि हो, मध्येच कोर्टाचा पट्टेवाला खिडकीशी आला. त्याने गजांतून आत पाहिलं, बोटावर एकेकाला मोजलं, "खरंच आहेत!" असं ओरडला आणि चप्पल टाकून पळाला. हे काय होतं ते मला कळलं नाही. सायंकाळी कोर्टात गेलो तर सगळं बंद. तुझ्या दाव्याचं काय झालं असेल?

बटण दुरुस्त होईतो मला काम नाही. दादऱ्याला एक माणूस मधमाश्या पाळतो म्हणे.

नवनाथ


शहादे,
२० मार्च १९९९

नवनाथ,

काय झालं ते मी सांगते, कारण मी तिथे होते.

हो, आले होते. आईलासुद्धा सांगितलं नाही. रात्रभर सुरतेच्या गाडीत बसून आले. पुकारा झाला तशी मी उठले, तो उठला. आजूबाजूला एकही काळा कोट नाही. साहेब म्हणाले, "वकील कुठे?" मी म्हटलं, "वर्गात." साहेब हसले, म्हणाले, "ते दर वेळी असतात. जा रे, बघून ये." तो तुझा पट्टेवाला गेला आणि अनवाणी धापा टाकत आला. म्हणाला, "साहेब, खरंच वर्गात आहेत! अकराच्या अकरा! कुलपात!" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "असा दिवस पुन्हा येणार नाही. तुम्हीच बोला."

त्याला विचारलं, "मशीन कोणाची?"

"तिची."

"मग दिली का नाही?"

"तिने मागितली नाही, साहेब. वकिलाने मागितली."

मग मला विचारलं, "तुम्ही स्वतः का मागितली नाही?" मी म्हटलं, "मागायला जायचं म्हणजे आपणहून गेल्यासारखं झालं असतं." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "मशीन आजच द्या." तर हा म्हणतो, "साहेब, स्टँड माझा आहे." साहेबांनी कागद चाळले. दाव्यात स्टँड कुठे नव्हताच. म्हणाले, "मशीन द्या, स्टँड ठेवा. संपलं." दोन वर्षांचा दावा, भाजी घ्यायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

तुला भेटायला आले होते रे. दाराला कुलूप आणि आतून इतका आरडाओरडा की मला वाटलं कोणी मारून राहिलं. रात्रीच्या गाडीआधी मशीन घ्यायची होती, निघाले.

नरोलीला गेलो आम्ही, रिक्षाने. खोलीत चार पँटी अर्ध्या पडलेल्या. ती पोरं दुसऱ्या दिवशी कामाला काय घालून जातील? मी बसले आणि त्या पुऱ्या केल्या. तो शेजारी उभा राहून बघत होता. टाका त्याचा वाईट नाही. टोकाला गाठ मारत नाही एवढंच. कागद डाव्या बाजूला घालायचा ते दाखवलं. मग त्याने स्क्रू काढले, मशीन आपल्या चादरीत बांधली आणि वापीपर्यंत मांडीवर घेऊन आला. डब्यात ठेवली. गाडी हलल्यावर उतरला.

तर आता माझ्याकडे मशीन आहे, स्टँड नाही. त्याच्याकडे स्टँड आहे, मशीन नाही. हर्षदभाई त्याला म्हणाले म्हणे, स्टँडच्या भाड्याचा दावा टाकू. त्याने नको म्हटलं.

मी हाताचं चाक बसवून घेतलं. एका हाताने फिरवते, एका हाताने कापड. चालते चांगली. लग्नसराईची पोलकी आलीत, गल्लीतल्या बाया परत आल्या. फक्त शिवताना पाय मोकळे राहतात. इतक्या वर्षांची सवय, खाली पाय आपले हलत राहतात आणि तिथे काही नाही. आई म्हणते, बया, तुला झालं तरी काय.

काल त्याचं पत्र आलं. तो संध्याकाळी स्टँडपुढे बसतो आणि रिकामंच पायडल मारतो. शेजारच्याने येऊन विचारलं, शिवत तर काही नाही, मग हा आवाज कसला? मी त्याला उत्तर लिहिलं नाही. तुला लिहिते. तू मधमाश्यांकडे जायच्या आधी नरोलीला जा आणि सांग.

न्यायला येणार असेल तर येऊ नको म्हणावं. मी जाणार नाही, माझ्या अंगावर कामं आहेत. पण इथे दोन माणसांना पुरेल इतकं शिवण आहे. राहायला यायचं असेल तर स्टँड घेऊन ये म्हणावं. रिकाम्या हाताने आला तर दार उघडणार नाही.

लोखंडाचा आहे, एकट्याला झेपणार नाही. एक बाजू तू धर. आणि वाटेत कुठे मुंगूस दिसलं तरी खाली ठेवू नका.

सुलभा